दादांचं बोट आणि रबराची गांडुळं

आखातात आजवर जेवढी मराठी माणसं पोटापाण्यासाठी आली, त्यांच्यापैकी कुणीही काहीही न घडण्याची वाट पाहण्यात दादांइतके शनिवार घालवले नसतील, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दादा म्हणजे माझ्या साडूचे थोरले भाऊ. म्हणजे ते माझे नक्की कोण, याला मराठीत शब्द नाही. पण इथे त्याची गरजही पडत नाही. परक्या मुलुखात गावाकडची ओळख निघाली की माणूस त्याच दिवसापासून नातेवाईक होतो आणि पुढच्या शनिवारी जेवायला बोलावतो. दादा रास अल खैमाला एका टाइल्सच्या कारखान्यात अकाउंट्स सांभाळायचे. मी दुबई मरीनातल्या एका उंच इमारतीत नोकरी करतो. मी तिथे काय करतो, हे दादांना बऱ्याचदा समजावून सांगितलं, पण ते ओळख करून देताना "हा दुबईत मीटिंगा करतो" एवढंच सांगत.

दादा वाईचे आणि कट्टर शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय त्यांनी ऑफिसातल्या कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा दिल्या नाहीत. असा माणूस मासेमारीच्या नादी लागला याला कारण त्यांचा मोबाइल. मुलीच्या बाळंतपणासाठी वहिनी पुण्याला गेल्या होत्या, दादांचा पाय मुरगळला होता, आणि पलंगावर पडल्या पडल्या त्यांना एका अमेरिकन माणसाचे व्हिडिओ सापडले. तो माणूस एका तळ्यात होडी घालून रबराच्या गांडुळाने 'बास' नावाचे मासे पकडायचा, त्यांच्याकडे कौतुकाने बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. दादा पार भारावले. किडा जिवंत नाही, मासा मरत नाही. इतकी सात्त्विक शिकार जगात दुसरी नसेल, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. पाय बरा झाला तेव्हा घरात रॉड, रीळ आणि रंगीबेरंगी गांडुळांची पाकिटं येऊन पडली होती. आखाती समुद्रात बास नसतो, हे त्यांना नंतर सगळ्यांनी सांगितलं. वहिनी तर परत आल्यापासून रोजच "आता बास" म्हणत होत्या. पण दादांचं म्हणणं, मासा कुठला का असेना, चावण्याची रीत सगळ्यांची एकच.

त्या गांडुळांना बडीशेपेचा वास असायचा. माशाला तो आवडतो म्हणे. एकदा दादांकडे जेवण झाल्यावर मी सवयीने टेबलावरची डबी उघडली, आत जांभळ्या रंगाचं काहीतरी मऊ, गोडसर वासाचं दिसलं, आणि मुलांच्या जेलीच्या गोळीसारखं काहीतरी असेल असं समजून मी ते तोंडात टाकलं. दादा समोरच बसले होते. त्यांनी मला थांबवलं नाही. मी चावलं, थबकलो, पुन्हा जरासं चावून पाहिलं आणि बेसिनकडे धावलो. चूळ भरून परत आलो तर दादा डोळे चमकवत माझी वाट पाहत होते. "बघितलंस?" ते वहिनींना म्हणाले, "आधी नुसतं तोंडात धरलं, मग हलकेच दाबून पाहिलं, आणि शंका येताच थुंकलं. मासा अगदी असंच करतो. त्या मधल्या क्षणात हिसका दिला असता तर हा अडकला होता." पुढे कितीतरी महिने ते माझी ओळख करून देताना मीटिंगांच्या जोडीला ही हकिकतही सांगत.

त्या मधल्या क्षणावर दादांचं सगळं शास्त्र उभं होतं. गांडुळाच्या पोटात गळाचं टोक लपवायचं, पुढे छोटंसं शिसं लावायचं, आणि ते तळावरून इतक्या सावकाश सरकवायचं की बघणाऱ्याला वाटावं, माणूस झोपला आहे. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची दोरी, उजव्या हाताच्या तर्जनीवरून न्यायची आणि बाकीचं सगळं त्या बोटावर सोपवायचं. "ओढणारा मासा कुणालाही कळतो," ते सांगायचे. "खरा मासा ओढत नाही, तो चौकशी करतो." ही चौकशी कधी टिचकीसारखी असते, कधी दोरीला ओलं फडकं लटकल्यासारखी, आणि सगळ्यांत हुशार मासा चावला तर काहीच जाणवत नाही, उलट शिशाचं वजनच नाहीसं होतं. "म्हणजे काहीच जाणवलं नाही तर मासा आहे असं समजायचं?" मी विचारलं होतं. "शाब्बास," दादा म्हणाले. त्या हिशेबाने त्यांच्या गळाला दिवसभर मासा असायचा आणि ते दिवसभर हिसके द्यायचे. वर यायच्या त्या चपला, पिशव्या आणि एकदा प्लॅस्टिकची अख्खी खुर्ची. खुर्ची त्यांनी धुऊन घरी नेली.

बोटाची मात्र त्यांनी जी निगा राखली, तशी लोक तानपुऱ्याची राखत नाहीत. त्या बोटाने ते बरणीचं झाकण उघडत नसत, नारळ सोलत नसत, कॉम्प्युटरवरसुद्धा ते बोट उभं धरून बाकीच्यांनी टाइप करत. नव्याने आलेल्या एका मॅनेजरला वाटलं, हा माणूस सारखा मला गप्प बसायला सांगतो आहे. रोज आंघोळीनंतर दादा बोटाचं टोक वजरीने घासत आणि वर खोबरेल लावत, म्हणजे कातडी पातळ राहते. याचा परिणाम त्यांचं ओळखपत्र नव्याने करायच्या वेळी दिसला. मशीन त्या बोटाचा ठसाच घेईना. काउंटरवरच्या मुलीने काच पुसली, बोट पुसलं, दाबून पाहिलं. मशीन म्हणे, बोट नाही. तिने सहानुभूतीने विचारलं, अंकल सिमेंटचं काम करतात का. दादांनी तिला रबराच्या गांडुळाबद्दल पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मागची रांग अरबी, मल्याळी आणि उर्दूत कुरकुरू लागली, तेव्हा वहिनी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, दुसरी नऊ ठीक आहेत, ती घ्या."

हसनभाईंची ओळख झाली ती अशाच एका हिसक्यातून. खाडीच्या काठाला खडकांचा एक कोपरा आहे, त्याच्या अलीकडे दादा आणि मी बसलो होतो. दादांना टिचकी जाणवली, त्यांनी हिसका दिला, आणि पहिल्यांदाच पलीकडून कुणीतरी जिवंत ओढू लागलं. दादा ओढत होते, मासा ओढत होता, रॉड वाकली होती, दादा "हमूर आहे, मोठा हमूर आहे" असं पुटपुटत होते, हमूर म्हणजे इथला सगळ्यांत मानाचा मासा. बऱ्याच वेळाने त्या कोपऱ्यावरून एक दाढीवाले गृहस्थ रॉड सांभाळत, घामाघूम होऊन दोरीच्या मागे मागे येताना दिसले. दोघांच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्या होत्या. गृहस्थांनी सगळा प्रकार पाहिला आणि शुद्ध कोकणी हेलात विचारलं, "तुम्हीच काय तो हमूर?"

हसनभाई राजापूरचे. इथे त्यांचं मसाल्याचं दुकान, बापाच्या वेळेपासूनचं. ते कोळंबी लावून मासे धरायचे आणि घरी नेऊन खायचे. यात समजावून सांगण्यासारखं काही असतं, हे त्यांना दादा भेटेपर्यंत माहीत नव्हतं. दादांना शेवटी खरोखरच एक चांगला हमूर लागला आणि त्यांनी तो त्या अमेरिकन माणसासारखा दोन्ही हातांनी परत पाण्यात सोडला, तेव्हा हसनभाई खडकावर मटकन बसले. थोड्या वेळाने त्यांनी तोडगा काढला. म्हणाले, "दादा, सोडायचा तर सोडा. पण माझ्या बादलीत सोडा." दादांनी यावर आठवडाभर विचार केला. मग त्यांना पटलं की आपलं काम सोडण्यापर्यंत, पुढे तो मासा आणि हसनभाई बघून घेतील. तेव्हापासून दादा मासा पकडायचे, प्रेमाने गळ काढायचे, मान दुसरीकडे वळवायचे आणि बादलीत सोडायचे. वहिनींना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. हसनभाईंच्या घरून दर रविवारी दादांकडे न चुकता घावन आणि नारळाचा रस यायचा, तो का येतो, हे वहिनींनी कधी विचारलं नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं असा माझा संशय आहे.

मग एक हिवाळा असा आला की दादांचे हिसके कमी झाले. आधी मला वाटलं, माणूस सुधारला. पण एका सकाळी मी शेजारी बसलो असताना त्यांची दोरी पाण्यावर सरळ डावीकडे चालू लागली, चांगली हातभर गेली, आणि दादा शांतपणे मला व्हॅटबद्दल काहीतरी सांगत राहिले. बोट दोरीवरच होतं. मी बोलणार तोच पलीकडून हसनभाई जोरात खोकले. दादांनी खाली पाहिलं, हिसका दिला, मासा लागला. "बघितलंस?" ते म्हणाले. मी बघितलं होतं. नंतर गाडीपाशी मी हसनभाईंना गाठलं. ते बराच वेळ बादली धूत राहिले. मग म्हणाले, दिवाळीपासून असंच चाललंय, त्यांच्या बोटाला काही कळत नाही. म्हणून हसनभाई स्वतःची रॉड बाजूला ठेवून दादांच्या दोरीवर नजर लावून बसत होते. "मी खोकतो, ते ओढतात. तेवढ्यात भागतं. तू कुणाला बोलू नको." मी कुणाला बोललो नाही. उलट त्यानंतर मीही खोकायला लागलो, पण मला दोरीतलं काही कळत नसल्यामुळे दादांना पुन्हा एकदा दगड आणि पिशव्या लागू लागल्या.

ही गोष्ट उघडी पडली ती वहिनींच्या स्वयंपाकघरात. दादांनी गॅसवरून आमटीचं पातेलं उचललं, सांडशीशिवाय, आणि बोलत बोलत टेबलापर्यंत आणलं. वहिनी ओरडल्या नाहीत. त्यांनी पातेलं काढून घेतलं आणि दादांचा हात नळाखाली धरून ठेवला. बोटांवर फोड येत होते आणि दादा अजून आपण काय सांगत होतो ते आठवत होते. डॉक्टर म्हणाले, जुनी साखर आहे, त्यात मनगटाची नस दबली आहे. ऑपरेशन करता येईल, पण बोटांच्या टोकांना पूर्वीसारखं समजेल असं सांगता येणार नाही. त्या उन्हाळ्यात दादा निवृत्त होऊन कायमचे वाईला जाणार होते. व्हिसा संपत आला होता, सामान बांधायला काढलं होतं. दादांनी दोन्ही रॉड जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने बांधून बाजूला ठेवल्या आणि गांडुळांची पाकिटं मला देऊ केली. एकदा खाल्ल्यावर पुन्हा कशाला, असं मी म्हणून पाहिलं, पण ते हसले नाहीत.

पुढच्या शनिवारी हसनभाई घरी आले. चहा झाला, इकडचंतिकडचं झालं, आणि मग त्यांनी खोकल्याची गोष्ट सांगून टाकली. म्हणाले, राग धरू नका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं. दादा कपाकडे बघत होते.

"हसनभाई," ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. तुम्हाला खोकला झालाय असं एकदाही वाटलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतकं मनापासून खोकत होता. कसं बोलणार?"

दारात वहिनी उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्या खाडीवर एकदाही आल्या नव्हत्या. उन्हात बसून पाण्याकडे बघण्यासाठी आपण लग्न केलं नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. त्या आत गेल्या. थोड्या वेळाने त्या चादरीचं गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि हसनभाईंना म्हणाल्या, गाठी तुम्ही सोडा, मला सुटत नाहीत. उद्या सकाळी जायचं. दादा म्हणाले, काय उपयोग, मला काही कळत नाही. वहिनी म्हणाल्या, "मला कळतं का ते बघू."

रविवारी आम्ही चौघं गेलो. ऊन अजून वर आलं नव्हतं, पलीकडचे डोंगर धुरकट दिसत होते. दादांनी गांडूळ लावायचा प्रयत्न केला, बोटांतून ते निसटत होतं. शेवटी वहिनींनी नाक मुरडून लावलं. रॉड दादांच्या हातात, दोरी वहिनींच्या बोटावर, असे ते दोघं एकाच चटईवर खांद्याला खांदा लावून बसले. दादा त्यांना हळू आवाजात काहीतरी सांगत होते आणि वहिनी, ज्यांनी घरात त्यांचं बोलणं कधी पुरतं ऐकून घेतलं नाही, मान खाली घालून ऐकत होत्या. मी आणि हसनभाई मुद्दाम लांब जाऊन बसलो. हसनभाईंची कोळंबी उन्हात तशीच राहिली, त्यांनी गळ टाकलाच नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग वहिनींचं डोकं वर आलं.

"ओढा," त्या म्हणाल्या.

दादांनी हिसका दिला. दोरी सैल होऊन वर आली, गळ मोकळा, गांडूळ शेपटीकडून अर्धं गेलेलं. दादांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि नेहमीच्या समजुतीच्या सुरात म्हणाले, दगड असेल, पहिल्यांदा होतं असं, दगडाच्या कपारीत अडकून तुटतं.

"दगड नव्हता," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नवं गांडूळ लावलं, दोरी पुन्हा बोटावर घेतली आणि दादांना म्हणाल्या, "टाका."