चौथी ग्रंथी

सोलापूरच्या ज्या इस्पितळात मी तेव्हा दुय्यम डॉक्टर होतो, तिथे मोठे सर्जन वॉर्डात येण्याआधी त्यांचा पट्टेवाला येई, आणि पट्टेवाल्याआधी फिनेलचा वास. साहेब फेरीला निघाले की ज्यांना बसता येत नसे तेही रोगी उठून बसत. सांगोल्याकडची एक धनगरीण मात्र पडूनच राही. जात्यावरून उठताना तिची मांडी मोडली होती.

हाडं ठिसूळ म्हणून आधी गावच्या वैद्याने आणि मग आम्हीही तिला चुना चारला. पण तिला मुतखडेही होते. खडे बहुधा चुन्याचेच बनतात; म्हणजे चुना कमी नव्हता, हाडांतून निघून रक्तात चालला होता. गळ्यातल्या गव्हाएवढ्या चार ग्रंथींपैकी एखादी फुगली की असं होतं, हे मी एका विलायती मासिकात वाचलं होतं. साहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच मला समजावून सांगितलं.

त्यांनी गळा उघडला. तीन ग्रंथी सापडल्या, तिन्ही निरोगी. चौथी नाहीच, असं ठरवून त्यांनी टाके घातले आणि आठवड्याने तिला घरी सोडण्याचा हुकूम दिला. कागदावर अंगठा घ्यायला मी गेलो, तर तिने मूठ मिटली. ग्रंथी किती असतात आणि मिळाल्या किती, एवढंच तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत ती पडल्या पडल्या म्हणाली, "सायेब, चार मेंढरं सोडली नि तीनच माघारी आली, तर चवथं नव्हतंच असं आमच्यात कुनी म्हनत न्हाय. खाली वढ्यात उतरून हुडकत्यात."

पट्टेवाला खोकला. ही ग्रंथी कधी कधी गर्भातच वाट चुकून छातीत उतरते, हेही मासिकात होतं. मी तेवढं बोललो आणि घरी सोडण्याचा तो कागद, अंगठ्याविना कोराच, साहेबांच्या हातात दिला.

"आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माजी," ती म्हणाली.

दुसऱ्या खेपेला साहेबांनी गळ्याच्याच जखमेतून छातीच्या हाडामागे बोट घातलं. बोट तिथे कशाला तरी लागून थांबलं. जांभळाएवढी तपकिरी गाठ वर आली. हात त्यांचा चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांना पेटके आले. साहेब घाबरले, मला आनंद झाला. रक्तातला चुना उतरला होता, हाडं आपला माल परत ओढत होती. आता कुठे तिला चुना द्यायची वेळ आली होती.

काही महिन्यांनी ती काठी टेकत उभी राहिली. साहेबांनी मला वृत्तान्त लिहायला सांगितला. 'निदान' या शब्दापुढे मी लिहिलं : रोग्याने स्वतः केले. त्यांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं, आणि खाली तिचा अंगठा घेतला.