ह्याला नाद न्हाई

लातूरला आमच्या सायकलवाल्यांत किंमत विचारायची पद्धत नव्हती. वजन विचारायचं. रविवारी सकाळी बार्शी रस्त्याने मुरुडपर्यंत जायचं, हॉटेलच्या भिंतीला सायकली टेकवायच्या, आणि चहा येईपर्यंत एकमेकांच्या सायकली एका बोटावर उचलून बघायच्या. मधल्या दांडीखाली बोट घालायचं आणि सायकल जमिनीवरून सुटली की मान हलवायची. कुणी दोन बोटं वापरली तर मालकाचा चेहरा पडायचा.

"बोट लावा, नुसतं बोट," दाताचे डॉक्टर म्हणायचे. त्यांची सायकल कार्बनची होती, काळी, चमक नसलेली. "वही उचलल्यासारखं वाटतं की नाही?"

"वही हलकीच असते डॉक्टर, आत मार्क किती ते सांगा," सर म्हणायचे. "आज साखऱ्याच्या चढावर मी तुम्हाला मागे टाकलं, ते बोला."

"सर, तुमच्या सायकलीला रंगच जास्त आहे."

"नुसता रंग नाही, नाद आहे. आपला नाद करायचा नाही."

आमच्याकडे हे वाक्य पोरांच्या तोंडी असतं. नाद म्हणजे वेड, आणि नाद करायचा नाही म्हणजे आमच्या वाटेला जाऊ नका. निवृत्त झालेल्या गणिताच्या मास्तरांच्या तोंडून ते ऐकलं की सगळे हसायचे. सरांची सायकल निळी होती, गिअरची. आयुष्यभर जुन्या स्कूटरवर कॉलेजला गेलेला माणूस, निवृत्तीनंतर त्याने स्वतःसाठी घेतलेली ती एकच वस्तू होती. तिचं हँडल ते स्वतःच्या रुमालाने पुसायचे.

माझी सायकल कुणी बोटावर उचलत नसे. डॉक्टरांनी एकदा करून पाहिलं आणि बोट झटकत म्हणाले, "हिला क्रेन बोलवा." मीही हसलो. ती सायकल अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जोडलेली होती. निलंग्याला बसस्टँडच्या मागे त्यांचं सायकलीचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने द्यायचे, पंक्चर काढायचे, वाकलेलं सरळ करायचे. मी बारावी होऊन नांदेडला बीएस्सीला गेलो तेव्हा त्यांनी सात मोडक्या सायकलींतून एक सायकल जुळवली आणि एसटीच्या टपावर बांधून स्वतः घेऊन आले. होस्टेलच्या पोरांनी तिला खिचडी नाव ठेवलं. पण तीन वर्षांत होस्टेलातल्या नव्या सायकलींच्या चाकांना किती वेळा आऊट आला, म्हणजे रिम वाकडी होऊन डोलायला लागली, आणि माझी एकदाही डुगडुगली नाही, हेही त्यांनीच पाहिलं.

त्या नांदेडपर्यंत मी पोचलो तो सरांमुळे. अकरावीला मी निलंग्यातच होतो आणि वर्ग सोडून दुकानात बसायचा विचार करत होतो. सर तेव्हा तिथल्या कॉलेजात होते. ते पंक्चरच्या निमित्ताने दुकानात आले आणि अण्णांना म्हणाले, "हा पोरगा मला द्या." अण्णांनी हात पुसले आणि म्हणाले, "न्या." आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी आज लातूरच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. या दोन माणसांचं देणं माझ्याकडून फिटणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि दोघांना एकमेकांचा अभिमान वाटावा अशी माझी मनापासून इच्छा होती. पुढे जे झालं त्यात या इच्छेचाही वाटा आहे.

आई गेल्यावर अण्णा दुकान बंद करून माझ्याकडे आले. येताना कपड्यांची एक पिशवी आणि काम करताना वस्तू घट्ट धरायचा लोखंडी शिकंजा आणला. बाभळीच्या ओंडक्यावर तो शिकंजा ठोकून त्यांनी पुढच्या पडवीत ठेवला. त्यात धरायला मात्र काही नव्हतं. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ते रोज तासभर बसायचे आणि परत यायचे. त्यांना काम मिळावं म्हणून असेल किंवा माझ्याकडे बोटावर उचलण्यासारखं काही नव्हतं म्हणून असेल, मी मुरुडच्या चहावर अण्णांच्या गोष्टी सांगू लागलो. वाकलेला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुफाटा, ते कसा नुसत्या दोऱ्याने मापतात, पान्याने टकटक करून तडा कुठे आहे ते कसं सांगतात. बाकीचे सायकली दाखवायचे, मी वडील दाखवायचो.

एका रविवारी मागे वळून डॉक्टरांना डिवचण्याच्या नादात सर उसाच्या उभ्या ट्रॉलीवर धडकले. त्यांना लागलं नाही. पुढचा चिमटा मात्र बोटभर मागे दबला.

"चिमटा बदला, सर," डॉक्टर म्हणाले. "ॲल्युमिनियम आहे. सरळ करत नसतात ते."

"मिळेल कधी?"

"पुण्याहून मागवावा लागेल. तीन आठवडे तरी."

सर सायकलीकडे बघत राहिले. तीन रविवार हा त्यांना फार मोठा काळ वाटला असावा. मी म्हणालो, "माझ्याकडे द्या. अण्णा करून देतील."

"मी काय म्हणालो, ऐकलं ना?" डॉक्टर मला म्हणाले.

"त्यांनी पन्नास वर्षं चिमटे सरळ केलेत, डॉक्टर," मी म्हणालो. माझा आवाज थोडा चढला होता.

"मग प्रश्नच मिटला," सर म्हणाले.

अण्णांनी चिमटा काढला, शिकंज्यात धरला आणि पान्याने त्यावर दोनदा टकटक केलं. मग कान जवळ नेऊन पुन्हा एकदा. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे कशाचं हाय रं?"

"भारीतलं आहे, अण्णा."

"लोखंड न्हाई हे. ह्याला नाद न्हाई." त्यांनी माझ्या सायकलीच्या चिमट्यावर पाना मारला. तो खणखणला, घंटेसारखा, आणि आवाज थोडा वेळ राहिला. मग सरांच्या चिमट्यावर मारला. बद्द. "ऐकलास? लोखंड वाकिवलं तर कुठवर येतंय ते सांगतंय. हे मुकं हाय. ह्यो नको करू का मी?"

मी तिथे उभा होतो. अकरावीला मी स्थितिस्थापकता शिकवतो. धातू मर्यादेपलीकडे वाकला की मूळचा राहत नाही, उलट वाकवला की आतून बारीक तडे जातात, हे मी दरवर्षी फळ्यावर आलेख काढून सांगतो. डॉक्टर काय म्हणाले तेही मला आठवत होतं. पण सायकल तशीच परत नेली तर मुरुडला डॉक्टर काय म्हणतील, तेही मला दिसत होतं.

"लोखंडाहून मजबूत धातू आहे तो, अण्णा," मी म्हणालो. "विमानाला वापरतात. करा तुम्ही."

त्यांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "तू शिकलेला हाईस. तुला ठाऊक," आणि त्यांनी वाकवायला चिमट्यात पाइप घातला.

दोरा लावून त्यांनी तीनदा मापलं. चिमटा इतका सरळ आला की डॉक्टरांनी डोळा लावून पाहिला आणि सायकल सरांकडे ढकलली. सर भेटेल त्याला सांगायचे, "ह्याच्या वडिलांचा हात बघा." पुढचे सहा रविवार अण्णा सकाळी दाढी करून पडवीत बसायचे. मी आलो की विचारायचे, "सर काय म्हनले?"

सातव्या रविवारी मुरुडहून परत येताना सर पुढे होते, मी मागे. उतार होता, पुढे गतिरोधक. त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक त्यांच्याखालून वेगळं होऊन निघून गेलं. आवाज अगदी लहान झाला, काडी मोडल्यासारखा. सर हात पुढे न करता तोंडावर पडले. कदाचित हँडल अजून हातात आहे असंच त्यांना वाटत असेल. हँडल हातातच होतं.

दवाखान्याच्या दारात आमचे डॉक्टर तुटलेल्या चिमट्याचा तुकडा घेऊन उभे होते. मोडलेली जागा पांढरी होती, साखरेसारखी दाणेदार.

"कुणी सरळ केला होता?" सरांच्या मुलाने विचारलं. तो पुण्याहून धावत आला होता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या वडिलांनी," मी म्हणालो.

हे खरं होतं. खोटं काहीच बोललो नाही, आणि अर्धं बोलून थांबलो. त्या दिवसापासून आमच्या सायकलवाल्यांत आणि नंतर गावात, म्हाताऱ्याने चिमटा सरळ केला आणि तो तुटला, अशी ती गोष्ट झाली. त्या गोष्टीत मी कुठेच नव्हतो.

अण्णांना मी सर पडले एवढंच सांगितलं.

"कशानं?"

"खड्डा होता."

सर वाचले. पण मानेला आणि डोक्याला मार होता. उजवी बाजू गेली, आणि बोलणं अडखळत, तुकड्यातुकड्यात आलं. त्यांना घरी आणलं त्या आठवड्यात अण्णा पंक्चरवाल्याकडून लवकर परत आले. चपला काढल्या नाहीत. पडवीत उभे राहूनच म्हणाले, "तिथं एक जन सांगत हुता. एका मास्तरचा चिमटा कुन्या म्हाताऱ्यानं सरळ केला आन तुटला. मास्तर लुळा पडला म्हनं." मग ते माझ्याकडे वळले. "खड्डा न्हवता न्हवं?"

"नव्हता."

ते खाली बसले. तेव्हा मी सगळं सांगितलं. "अण्णा, तुम्ही विचारलं होतं. नको करू का म्हणाला होतात. मला ठाऊक होतं की तो सरळ करायचा नसतो. डॉक्टरही म्हणाले होते. मी तुमच्याशी खोटं बोललो. चूक तुमची नाही, माझी आहे."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुला ठाऊक असतं तर तू मला करू दिलं असतंस का?"

"दिलं, अण्णा. तेच सांगतोय."

"सरांनी तुला मानूस केलं. त्यांच्या जिवावर तू असलं करशील?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. माया होती, आणि तीच मला सोसली नाही. "उगं मला बरं वाटावं म्हनून बोलायलास. लई शिकलास, पर खोटं बोलाया न्हाई शिकलास."

मी पुन्हा सांगितलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही. प्रत्येक वेळी त्यांचा विश्वास वाढत गेला, की मुलगा त्यांची चूक अंगावर घेतो आहे. त्यांनी मला शिकवलं ते मी शहाणं व्हावं म्हणून. शहाणा मुलगा असं करणार नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता, आणि तो मोडायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग ते सरांकडे चल म्हणाले. धुतलेलं धोतर नेसले. सर खाटेवर उशांना टेकून बसवलेले होते. निळी सायकल पुढच्या चाकाशिवाय व्हरांड्यात भिंतीला लावलेली होती. अण्णांनी वाकून सरांचे पाय धरले. सरांच्या पत्नी "अहो, असं नका करू" म्हणाल्या, पण अण्णा उठेनात.

"सर, माझा कान फसला," ते म्हणाले.

कान फसला नव्हता. त्या दिवशी पडवीत एकच गोष्ट खरी बोलली गेली होती आणि ती त्यांनी त्या कानाने ऐकूनच सांगितली होती. मी म्हणालो, "सर, चूक माझी आहे. अण्णांनी मला विचारलं होतं, मीच करा म्हणालो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना किती कळलं ते मला सांगता येत नाही. डावा हात हळूहळू उचलून त्यांनी अण्णांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "ब... बरी... चालली. सहा... रविवार."

"आता कुणाची म्हणून काय करायचं, बाळा," सरांच्या पत्नी मला म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा आम्ही तिघांनीही घेतला. सरांना चमच्याने पाजावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर पडवीत नुसता ओंडका होता. शिकंजा अण्णांनी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. पंक्चरवाल्याकडे जाणंही त्यांनी सोडलं.

मी रविवारी जात नाही. कॉलेजला मात्र त्याच सायकलीवर जातो. यंदा स्थितिस्थापकतेचा धडा मी दुसऱ्या सरांना घ्यायला सांगितला. काही महिन्यांपासून माझ्या पुढच्या चाकाला आऊट आला आहे. दर फेऱ्याला रिम ब्रेकला घासते आणि बारीक आवाज येतो. नांदेडची तीन वर्षं धरून इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अण्णांना तो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत असणार. चाकाच्या तीन तारा आवळल्या की जाईल असं काम आहे, त्यांना दहा मिनिटंही लागणार नाहीत. मला ते दुसऱ्याकडून करून घेता येतं, पण मी घेत नाही. मी रोज फाटकातून सायकल आत घेतो तेव्हा ते पडवीत खुर्चीवर बसलेले असतात. चाक फिरायचं थांबेपर्यंत मान थोडी तिरकी करून ऐकतात. मग माझ्याकडे न बघता विचारतात, "सर कसे हायत?" आणि मी म्हणतो, "तसेच आहेत, अण्णा."