पहिलं कापड जुनंच

सडक अर्जुनीत बर्फ पडत नाही. तरी डिसेंबर आला की दुकानांत प्लास्टिकची झाडं येतात आणि त्यांच्या फांद्यांना बर्फ म्हणून कापूस चिकटवलेला असतो. या कापसावर मी बरीच वर्षं बोलत आलो आहे. बायको होती तोवर ती मला थांबवायची. आता ऐकणारे दोघेच, मुलगा आणि नवी सून.

सुनेचा आमच्याकडचा हा पहिला नाताळ. ‘या घरात विकत आणलेला नाताळ होत नाही,’ असं मी तिला आधीच सांगून टाकलं होतं. साधेपणाचाही एक तोरा असतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. बांबूच्या काड्यांना पतंगाचा कागद लावून तिने चांदणी केली. शेजारच्या काकूंची धानाची मळणी नुकतीच आटोपली होती. त्यांच्याकडून मळून उरलेलं तणस आणलं आणि खोक्यात गव्हाणी मांडली. मातीचा बाळ येशू माझ्या बायकोच्या माहेरचा, पायाचा अंगठा उडालेला.

आदल्या संध्याकाळी नागपूरहून तिच्या वडिलांचा फोन आला. मला सगळं ऐकू आलं, कारण आमचे व्याही फोनवरही सभेत असल्यासारखे बोलतात. “पोरगी दिली म्हणजे सण सोडला नाही आम्ही. उद्या येतो. तिथं धड काही नसलं तर गाडीत बस, नाताळ आपल्या घरी कर.”

मुलगा दोन्ही दिवस तिरोड्याला वीज प्रकल्पात पाळीवर होता. सुनेने फोन ठेवला आणि वड्यांसाठी लाखोरीची डाळ भिजत घातली. पण खाटेखालची बॅगही काढून दाराशी ठेवली. भरलेली की रिकामी, हे विचारायची माझी छाती झाली नाही. ती गेली असती तर परतलीही असती. पण पहिल्याच सणाला घर कमी पडलं म्हणून गेलेली सून परत येते तेव्हा पूर्वीची राहत नाही, एवढं मला कळत होतं.

सकाळी आम्ही दोघं चर्चहून आलो, सुनेने वड्यांचं पीठ कालवायला घेतलं, आणि गाडी आली. टपावर दोरीने बांधलेलं झाड. कापसासकट.

व्याही गव्हाणीपाशी थांबले. “हा काय गोठा मांडला?”

“तिथंही गोठाच होता,” मी म्हणालो. वाक्य बरं होतं, वेळ वाईट होती. सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं.

त्यांनी पिशवीतून जरीच्या काठाची साटीनची गादी काढली, तणस बाजूला सारलं आणि बाळाला गादीवर ठेवून वर तसलंच कापड पांघरवलं. “आता शोभतं. बरं, काय ठरवलंस?”

सून पिठाचे हात पुसत राहिली. बराच वेळ पुसले.

तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. एका हातात डबा, दुसऱ्यात जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा. आमच्याकडे रिकाम्या हाताने नवं बाळ बघत नाहीत.

“नवं कापड कोन घातलं वो याले?”

“मी,” व्याही म्हणाले. “काऊन?”

“लेकरू रातीच झालं ना? नव्या कापडानं अंग सोलते त्याचं. पयलं कापड जुनंच लागते.”

“बाई, हा देव आहे.”

“असन ना, भाऊ. देवाले का कातडी नसते?”

बोलता बोलता त्यांनी साटीन काढलं, तणस परत पसरलं आणि बाळाला लुगड्यात गुंडाळलं. व्याह्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मुलीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तिने गादी उचलली, नीट घडी केली आणि त्यांच्या हातात दिली. “ही याच्या बारशाला घालू, पप्पा.”

“आणि तू?”

“मला वडे तळायचेत. तुम्ही बसा.”

ते उभेच होते. काकूंनी डबा उघडून डिंकाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. “खा. बाळंतिणीचे हायेत, पन आज्याले चालते.”

ते बसले. लाडू कडक होता, तो संपेपर्यंत त्यांना उठता आलं नाही.

झाड दिवसभर टपावरच राहिलं आणि संध्याकाळी तसंच नागपूरला गेलं. गाडी हायवेला लागल्यावर सून आत आली आणि बॅग खाटेखाली सरकवू लागली. तिच्या एकटीच्याने ती सरकेना. मी हात लावला.