बंद चालू आहे

मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी शेतीकडे लक्ष घातले आणि धानाची ने-आण करण्यासाठी एक जुना छोटा ट्रक घेतला. महामार्गाच्या कामावरील एका ठेकेदाराने तो विकायला काढला होता. परदेशी बनावटीचा, पुढेमागे दोन सीटांची केबिन असलेला. त्याला क्लच नव्हता; गिअर तो स्वतःच बदलत असे. सांगितल्याशिवाय काम करणारे मला शाळेत फारसे भेटले नव्हते. मी ट्रक लगेच घेतला.

ड्रायव्हर चिचगडकडचा. वीस वर्षे त्याने लाकडाचे ट्रक चालवले होते. गाडी सुरू झाली की त्याचा डावा पाय नसलेला क्लच दाबू लागे आणि डावा हात गिअरच्या दांड्यावर जाऊन बसे. मी दोन्ही सवयी सोडण्यास सांगितले. पाय त्याने आवरला. हाताचा बंदोबस्त मी स्वतः केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ट्रक बिघडला. सपाट रस्त्यावर वेग स्थिरावला की तो एरवी शेवटचा, हलका गिअर घेई आणि इंजिन शांत होई. या गिअरला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तो लागेना. सडक अर्जुनीहून देवरीला जाताना इंजिन असे ओरडे, की धाब्यांवरची माणसे हातातला घास तसाच ठेवून पाहत. समोर एक पिवळा दिवाही लागे. त्यावरची इंग्रजी अक्षरे झिजली होती; ‘ऑफ’ एवढेच उरले होते. दिवा चालू, मजकूर बंद. मी आयुष्यभर व्याकरण शिकवले, पण हे वाक्य मला लावता येईना.

सडक अर्जुनीचा मिस्त्री माझा विद्यार्थी. सातवीत तो माझ्याकडे दोन वर्षे होता. दुसरे वर्ष त्याने मागितलेले नव्हते. त्याने गिअरबॉक्सचे तेल पट्टीवर पाहिले, हुंगले, कागदावर थेंब टाकून मला दाखवला. तेल लाल होते, जळलेले नव्हते. फ्यूज बदलला. खाली झोपून वायरी तपासल्या. मग ड्रायव्हरला घेऊन तो देवरीपर्यंत जाऊन आला आणि गाडी ठीक असल्याचे म्हणाला. मी बसलो. गाव मागे पडताच ट्रक ओरडू लागला.

असे तीनदा झाले. शेवटी मिस्त्री म्हणाला, आता नागपूरला नेऊन गिअरबॉक्स उघडावा लागेल. माझ्या मते दोष उघड होता. साध्या ट्रकाच्या सवयींनी ड्रायव्हरने गिअरबॉक्स बिघडवला होता. सोमवारपासून येऊ नको, असे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली. घरात कमावणारा तो एकटा होता. हे मला माहीत होते आणि त्याने ते बोलून दाखवले नाही.

मी हात धुण्यास गॅरेजमागे गेलो, तेव्हा टायरांच्या ढिगापलीकडून त्याचा आवाज आला.

“मी एकटा असलो का बेस चालते. तू बसला तरी चालते. गुरुजी बसले का तिची बोबडी वळते.”

“माहीबी वळत होती,” मिस्त्री म्हणाला.

मी पुढे आलो. दोघेही टायर मोजू लागले. बोलणे उद्धट होते, पण निरीक्षणात चूक नव्हती. तिघे मिळून जाऊ, असे मी सांगितले.

ड्रायव्हरने गाडी काढली. मी शेजारी, मिस्त्री मागच्या सीटवर. रस्त्याला लागल्यावर मी नेहमीप्रमाणे माझी कापडी पिशवी गिअरच्या दांड्यावर अडकवली. तीत पाण्याची स्टीलची बाटली, बॅटरी आणि हजेरीबुकाएवढी एक वही असे. ड्रायव्हरचा हात तिथे जाऊ नये, यासाठी ती व्यवस्था होती. पिवळा दिवा लागला. ट्रक ओरडू लागला.

मिस्त्री मागून वाकला. त्याची नजर दिव्यावरून पिशवीवर आली.

“गुरुजी,” वर्गात पाणी प्यायला जाऊ का विचारावे तशा आवाजात तो म्हणाला, “पिशवी काढू का?”

पिशवीचा बंद जिथे आवळत होता, तिथे दांड्याच्या बाजूला एक लहान बटण होते. गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की ते आपोआप पूर्ववत होई, म्हणून मी नसताना दोष दिसत नसे. मिस्त्रीने पिशवी काढून ते दाबले. दिवा विझला. मी वर्गात शिरल्यावर पोरे जशी गप्प होत, तसे इंजिन गप्प झाले.

मी दिव्याचा अर्थ विचारला.

“दिवा लागला म्हणजे ओव्हरड्राइव्ह बंद. विझला म्हणजे ते बंद, बंद झालं. म्हून चालू.”

उत्तर बरोबर आहे, मी म्हणालो. सातवीत त्याला हे वाक्य ऐकायला मिळाले नव्हते.

परतताना पिशवी माझ्या मांडीवर होती. ड्रायव्हर रस्त्याकडे पाहत होता. सोमवारचा विषय कोणी काढला नाही. मी तर नाहीच.

सोमवारी नेहमीच्या वेळी फाटकाशी ट्रक उभा राहिला. मी बाहेर गेलो.

“तुला येऊ नको म्हटले होते.”

“हो, गुरुजी. मले वाटलं, ते येऊ नको आता बंद झालं असन. म्हून आलो.”

व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही दोष नव्हता. मी आत बसलो. माझ्या बाजूच्या खिडकीशी त्याने एक नवी खुंटी ठोकली होती. ती चार बोटे खाली हवी होती, असे मी त्याला सांगितले आणि पिशवी तिला अडकवली.

देवरीपर्यंत त्याचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता. मी खिडकीबाहेर धान पाहत होतो.