विहिरीतला व्याल

"अबे, मेला का जिता हायस? झरा हाय का आटला, तेवढं सांग!"

वरून बाबा ओरडत होते. विहिरीत ओरडलेलं एकदाच ऐकू येत नाही; ते दगडांवर आपटत, पाचपट मोठं होऊन माझ्या टाळक्यात पडत होतं.

झरा होता. पण त्याच्या तोंडाशी, मी उभा होतो त्याच कपारीवर, साप बसला होता. आमची विहीर चाळीस हात खोल. साप तिच्याहून लांब. उरलेला भाग त्याने गुंडाळून ठेवला होता, म्हणून मावला.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं, म्हणून मोटेच्या नाड्याला बांधून मला आत सोडलं होतं. वर बैल धावेच्या उतारावरून नाडा ओढत खाली गेले तरच मी वर येणार, आणि बैल हाकणार बाबा. म्हणजे माझा जीव एका शब्दावर टांगलेला. आणि नेमका त्याच दिवसांत मी शब्दांच्या नादी लागलो होतो.

त्याचं असं झालं, की मी कामरगावाहून पुण्याच्या एका मासिकाला माझी पहिली गोष्ट पाठवली होती. संपादकांनी ती परत केली: शब्दसंग्रह तोकडा. तोकडा! मी कारंज्याच्या एका मास्तरांकडून कोश आणला आणि मोट हाकताना बैलांच्या दर फेरीला एक शब्द घोकू लागलो. उदक, सलिल, तोय. हे शब्द बैलांना माझ्याआधी पाठ झाले असावेत. 'सलिल' म्हटलं की ते आपोआप वळत. जिभेला वळण लागावं म्हणून घरातही मी कोशातलंच बोलत होतो. वांग्याला 'वृंताक' म्हणालो त्या दिवशी आईने माझी दृष्ट काढली.

तर त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "व्याल! बाबा, व्याल!"

व्याल म्हणजे साप, हे कोशाला ठाऊक. बाबांना ठाऊक होती ती गोठ्यातली गाभण म्हैस. आज विते की उद्या, अशी तिने सगळ्या घराला वाट पाहायला लावली होती.

"व्याली?" बाबांचा आवाज एकदम मऊ झाला. "कवा बे?"

विहिरीत उभ्या माणसाला गोठ्यातलं कसं दिसलं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. म्हशीच्या बाबतीत त्यांना कसलेच प्रश्न पडत नसत.

सापाने मान उचलली. मी कोश सोडला आणि घरच्या बोलीकडे धावलो. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत; घेतलं की तो येतो म्हणतात. नुसतं 'जनावर' म्हणायचं. मी जीव खाऊन ओरडलो, "जनावर! बाबा, जनावर!"

"हो हो, जनावरच पाहाले चाललो! तू थांब तिथंच!"

आणि गेले. थांब म्हणे! जाणार होतो कुठे? वर ताटाएवढं आभाळ, खाली गाळ, शेजारी तो. चढावं तर दगड शेवाळलेले. नाडा हलवला तर बैलांना वाटे, माशी बसली. मी हाका मारत सुटलो. भुजंग, पन्नग, उरग, फणी! एकेक शब्द वर जाई आणि रिकाम्या हाताने परत येई. सापाला इतकी नावं, पण त्यातलं एकही मला वीतभर वर उचलेना. माझ्या गोष्टीतला नायक असा अडकला असता, तर मी त्याला खुशाल दोन पानं तडफडत ठेवलं असतं.

शेवटी वांग्याच्या वाफ्यातून वयनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, काठावर येऊन डोकावली.

"काय वो भाऊजी, आज पूजा विहिरीतच मांडली का? कोन्या देवाची नावं घेऊन राह्यले?"

सापाची शेपटी माझ्या पायाला लागली.

"साप!" मी किंचाळलो. "वयनी, साप! साप! साप!"

"माय वो! नाव कायले घेता त्याचं!" ती ओरडली. पण तिचं वाक्य पुरं होण्याआधीच बैलांच्या पाठीत काठी बसली होती. मी असा उडालो की काठावरच्या चिंचेचा शेंडा डोक्याला लागला, आणि मग खाली पडलो.

धापा टाकत होतो तोवर बाबा गोठ्याकडून आले. मी त्यांचे पाय धरले.

"साप होता बाबा! विहिरीपेक्षा लांब! पायाला लागला माझ्या! मेलो होतो मी!"

बाबांनी उपरण्याने तोंड पुसलं.

"म्हैस नाई व्याली," ते म्हणाले.