भीती सांगितल्याशिवाय बसायचं नाही

फोन वाजला तेव्हा मी खोकायची तालीम करत होते. खोटं कशाला सांगू... डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, आणि तेही मे महिन्यातल्या सांगलीत! सोमवारी सकाळी विहिरीवर यायचंच, असं इंदूअक्कानं बजावलं होतं, त्यामुळं मला पडसं होणं फार गरजेचं होतं. फोनवर तिचंच नाव दिसलं म्हणून आधी नीट खोकून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "अक्का, अगं रात्रीपासनं छाती नुसती..." पलीकडं तिचा मुलगा विजय होता. "मावशी," तो म्हणाला, "आई गेली. पहाटं. झोपेतच." मफलर सोडायचंसुद्धा मला सुचलं नाही. भर उन्हाळ्यात हुडहुडी भरली, आणि ती मात्र खरी होती.

इंदूअक्का आमच्या महिला सेवा क्लबांच्या संघाची अध्यक्ष. साताऱ्यापासून मिरजेपर्यंत गावोगावी आमचे क्लब आहेत. दर जूनमध्ये सगळ्याजणी सांगलीच्या एका मंगल कार्यालयात जमतात आणि प्रत्येक क्लब आपलं वर्षाचं उद्दिष्ट जाहीर करतो. अक्का अध्यक्ष होईपर्यंत या सभेइतकी निर्धास्त जागा दुसरी नव्हती. मी तेव्हा सांगली क्लबची चिटणीस. छातीवर भाकरीएवढा बिल्ला, आणि तोरा असा की माहेरचा अख्खा सातारा मीच राखला असावा. माझं उद्दिष्ट दर वर्षी एकच असे, वृक्षारोपण. खड्डेही तेच. मागल्या वर्षीचं रोप शेळीनं खाल्लेलंच असायचं, त्यामुळं खणायचा त्रास नाही. फोटोत झारी अशी धरायचे, जणू कृष्णा महाबळेश्वराहून मीच खाली आणली!

अक्का वाळव्याकडची, ऊसवाल्या घरातली, नवरा फौजेतून निवृत्त झालेला. तिच्या पहिल्याच सभेत मी उद्दिष्ट वाचलं, टाळ्या घेतल्या आणि बसायला वळले. "उभीच ऱ्हा, सातारकरीण," ती म्हणाली. "ह्यात भ्या कशाचं वाटतंय तुला?" मला वाटलं, थट्टा करतेय. म्हटलं, "चहा गार होईल, एवढंच." सभा हसली. अक्का हसली नाही. "मग हे उद्दिष्ट न्हवं गं, ही सहल हाय. ज्याचं भ्या वाटत न्हाई, ते करायला क्लब कशाला लागतोय? दुसरं आण."

तेव्हापासून रीतच पडली. आधी उद्दिष्ट सांगायचं, मग त्याची भीती सांगायची, त्याशिवाय खाली बसायचं नाही. कराडच्या बाईंनी रक्तदानाचं ठरवलं आणि सांगितलं की सुई नुसती बघितली तरी मला घेरी येते. इस्लामपूरची एक सून उठली, "दारूच्या दुकानापुढं ठाण मांडायचं ठरलंय. पण दुकान माझ्या दिराचं हाय." गंमत म्हणजे ती दोन्ही कामं झाली. भीती एकदा सगळ्यांसमोर बोलली गेली की तिला हात लावायला चार बाया आपोआप पुढं येतात. मी मात्र दर वर्षी काहीतरी गमतीची भीती सांगून, सभागृहाला हसवून बसत आले. मला भीती नव्हती असं नाही. एकच होती, पण केवढी... पाण्याची.

ती पुरात उघडी पडली. आमचं घर नदीकडच्या गल्लीत, खाली हळदीचं गोदाम. रात्रीतून पाणी जिन्यात शिरलं. भिजलेल्या हळदीनं ते पिवळं झालं होतं, आणि खाली सुटलेला गॅसचा सिलिंडर छताला हळूहळू धडका देत होता. धप्... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा धप्. तो आवाज अजून माझ्या पोटात आहे. सज्ज्याला नाव लागली. नातीनं नावाड्याकडं हात पसरले, सुनेनं पिशवी उचलली, आणि मी कठडा धरला तो सोडेचना. सून म्हणाली, "आई, तुम्ही आल्याशिवाय मी नाही जायची." नाव रिकामी परतली. पुन्हा आली, पुन्हा परतली. पाणी पायरी पायरी वर चढत होतं, नात रडत होती, मला सगळं दिसत होतं, पण बोटं माझी राहिलीच नव्हती.

संध्याकाळच्या नावेत अक्का होती. लुगडं खोचून कठड्यावरून आत आली, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "डोळं मीट. माज्या मांडीवर बस." सत्तरीला टेकलेली मी, तिच्या मांडीवर बसून पूर पार केला! पण मिटल्या डोळ्यांनी मला कळत होतं, तिचे गुडघे लटलट कापत होते. "अक्का, तूपण भ्यालीस?" "गप बस. तूच जड हायस."

गेल्या जूनमध्ये तिनं सगळ्या संघासाठी एकच उद्दिष्ट मांडलं. नदीकाठच्या गल्ल्यांतल्या प्रत्येक बाईला तरंगता आलं पाहिजे. "एका बाईच्या भ्यापायी अख्खं घर पान्यात बसतंय," एवढंच बोलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडून नाकारलेले वाळके भोपळे आणले, एका अंगानं बसके, तंबोऱ्याला न चालणारे. पूर्वी पोरं पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकत, तसं तिच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत बायांना शिकवणं सुरू झालं. बांधण्याआधी ती प्रत्येक भोपळा बोटानं वाजवून, कान लावून ऐकायची. "खणखणीत पोकळ हाय. तरंगंल." मग तेच बोट माझ्या टाळक्यावर, टक् टक्. "हेबी पोकळ हाय. तूबी तरंगशील."

बऱ्याचजणी शिकल्या. मी काठावर बसून त्यांचे टॉवेल सांभाळले. गुडघा, रक्तदाब, एकादशी, सगळी कारणं वापरून झाली होती. ती जायच्या आदल्या संध्याकाळी मळ्यात आम्ही दोघीच होतो. मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "सगळ्यांना उभं करून विचारतेस, तुझी भीती कुठली ते कधी बोललीस का?" भोपळा पुसता पुसता ती म्हणाली, "हाय की... लय हाय. मी गेले की तुमी बाया परत झाडं लावाल." मी हसले. ती नाही. "उद्या ये," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते वर सांगितलंच.

मग जूनची सभा आली. अक्काच्या खुर्चीला हार. आमच्याच क्लबच्या नव्या अध्यक्षबाई, गुणी पोरगी, डोळे पुसत म्हणाल्या, "अक्कांच्या स्मरणार्थ यंदा सर्व क्लबांनी वृक्षारोपण करावं." लगेच टाळ्या. विहिरीचं नाव कुणी काढेना. माझ्या कानात धप्... धप्... सुरू झालं. पुढची खुर्ची धरून उठले. म्हटलं, "यंदाचंही उद्दिष्ट पाण्याचंच. उरलेल्या सगळ्याजणी." खाली बसायला वळले, तर मागून कराडच्या बाईंचा आवाज आला, "उभ्या राहा. भीती?" यावेळी विनोद सुचला नाही. म्हटलं, "मला पाण्याची भीती वाटते. आताही, इथं कोरड्यातसुद्धा." कुणी हसलं नाही. सुईला भिणाऱ्या त्याच बाई म्हणाल्या, "सोमवारी मी येते तुमच्याबरोबर."

विजयनं अक्काचा भोपळा मला दिलाय. दोरीची गाठ तिच्या कमरेच्या मापाची आहे. मला सैल होते, पण सोडवत नाही, पदर खोचून घट्ट करते. पाणी आता कमरेपर्यंत येतं. तिथं पोचले की दात वाजतात, मागं वळून काठाकडं बघते, टॉवेल धरून बसायला आता तिथं कुणी नसतं... पुढची पायरी हिरवी, शेवाळलेली, तिच्याखाली नुसतं काळं. भोपळा घराच्या दाराशी खुंटीला टांगलाय. आज सोमवार, कराडच्या बाई खालून हाका मारताहेत. निघताना भोपळा वाजवते, कान लावते. मग इकडंतिकडं बघून, कुणी नाही अशी खात्री करून, तेच बोट स्वतःच्या टाळक्यावर... टक् टक्.