सासूचं नाव माईकवर

"अव्वा गेली! माझी अव्वा गेली हो!" असं मी ओरडत सुटले, आणि धारवाडच्या बसस्टँडवर चार बाया मला धरून खाली बसवायला लागल्या.

"अळब्याडवा, रडू नको बाई," एक म्हणाली. "कधी गेली?"

"आत्ता! आत्ताच गेली!"

"वय किती होतं?"

"तीन!"

"तीन वाजता गेली म्हणती," तिनं शेजारणीला सांगितलं, आणि ती शेजारीण पदर डोळ्याला लावून माझ्याबरोबर रडायला लागली.

माझी अव्वा म्हणजे माझी लेक. तीन वर्षांची, लाल फ्रॉक, एकाच पायात चप्पल, का की दुसरीचा पट्टा तुटलता. अळणावरच्या बसमधनं उतरले, ट्रंक ओढून घ्यायला तिचं बोट सोडलं, ट्रंक टेकवली, वळले तर लेकरू न्हाई. हे, म्हणजे माझे मालक, दोन महिन्यांमागं धारवाडजवळच्या बेलूरला फॅक्टरीत लागलते. शिफ्ट सुटली की घ्यायला येतो म्हणून कळवलं होतं. शिफ्ट सुटायला अजून तास होता. त्या स्टँडवर मला ओळखणारं एक माणूस न्हाई.

आमच्याकडं अव्वा म्हणजे आई, आजी, कुठलीबी मोठी बाई. मग लेकीला अव्वा का म्हणत होतीस, असं तुम्ही विचारणार. सांगते. माझी सासू गेली आणि वर्षाच्या आत ही झाली. सासूचंच नाव ठेवलं. आमच्यात सुनेनं सासूचं नाव घ्यायचं न्हाई, म्हणून लेकीचं नावबी मला बंद. सगळ्या घरानं तिला नावानं हाक मारायची, गल्लीनं मारायची, पोटात वागवली तिनं तेवढी न्हाई. माझी थोरली नणंद, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, ती बारशालाच पाळण्याची दोरी धरून म्हणाली होती, "आई परत आलीया. तू तोंडातनं नाव काढलंस तर परत जाईल बघ."

मी एकोणीस वर्षांची. घाबरले. इतकी घाबरले की देवळात गेले तरी मी त्याच नावाच्या देवीला महादेवाची बायको म्हणायची. शेजारच्या एका बाईचं तेच नाव, तिला मी "त्या नावाची" म्हणायची. ती चिडायची, "माझ्या नावाला काय खरूज झालीया काय गं?"

सकाळी गाव सोडताना अक्का अळणावरच्या स्टँडवर सोडायला आलती. खिडकीतनं लेकीला चिरमुऱ्याची पुडी दिली आणि मला म्हणाली, "धारवाड असू दे न्हाईतर विलायत. मोकळं मिळालं म्हणून जीभ सैल सोडू नको." बस हलली तरी बोट दाखवत होती. घर सोडताना मला मिळाला तो आशीर्वाद एवढाच.

तर कुणीतरी मला बस पुकारतात त्या खोलीपाशी नेलं. माझ्या आधीच त्या माणसानं कंट्रोलरला सांगून टाकलं, हिची अव्वा सापडेना. कंट्रोलरनं माईक ओढला आणि कन्नडात पुकारलं, अळणावरच्या बसमधनं आलेली म्हातारी कुठं असेल तर ऑफिसपाशी यावं. मी ऐकतेय. मला कन्नड कळतं की! "म्हातारी न्हवं, लेकरू! माझी लेक!" मी खिडकीवर हात आपटले.

"हेसरेन?" तो म्हणाला. नाव काय?

"अव्वा."

"इथं सगळ्याच अव्वा हाईत. पाळण्यातलं नाव सांग."

माझं तोंडच उघडेना. मागं गेटमधनं बेळगावची बस निघाली, मी तिच्या खिडक्या बघतेय, लाल फ्रॉक दिसतो का. "महादेवाची बायको," मी म्हटलं. "तिचं नाव. तेच."

"गौरी?"

"न्हाई."

"उमा? गिरिजा?"

"न्हाई, न्हाई!"

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "स्वतःच्या लेकीचं नाव येईना तुला? लेकरू तुझंच हाय न्हवं?"

खिडकीपाशी माणसं जमलती. मघाशी माझ्याबरोबर रडत होती ती बाई दोन पावलं मागं सरकली, मी बघितलं. मी दारातनं आत गेले, माईक त्याच्या पुढ्यातनं उचलला आणि ओरडले, "पार्वती! पार्वती गं! पार्वती!" सगळ्या स्टँडवर माझाच आवाज, चारी कोपऱ्यांतनं. आणि एवढं ओरडून मी मटकन खाली बसले, का की मला वाटलं, सापडेल ती मेलेलीच सापडेल.

पेरूवाली घेऊन आली तिला. लेकीच्या हातात अर्धा पेरू. पेरूवाली कंट्रोलरवरच उखडली, "म्हातारी म्हटलास की रे तू! हिला मांडीवर घेऊन मी मघापासनं म्हातारीच हुडकतेय!" माझं नाव कोण घेतंय, आई तर घेत न्हाई, म्हणून लेक नुसती भोंग्याकडं बघत होती म्हणे. पेरूवालीनं विचारलं, तू पार्वती काय गं? तर मान हलवली.

मी अडाण्यागत खरं ते सांगून बसले, ह्यांना. ह्यांनी गावाकडं सांगितलं. त्याच आठवड्यात लेकीला ताप चढला, आठ दिवस उतरला न्हाई. अक्कानं निरोप धाडला, "आईला दुसऱ्यांदा मारलीस." ताप उतरला, तो निरोप काही उतरला न्हाई. मला कुणी बोलावलं न्हाई, ना जत्रेला, ना दिवाळीला. हे एकटे जाऊन यायचे आणि येताना पोह्यांची पिशवी आणायचे.

पुढं मी एका मॅडमच्या घरी भाकरी करायला लागले. मॅडम युनिव्हर्सिटीत शिकवायच्या, माणसं कशी राहतात, लग्नं कशी करतात, मेल्यावर काय करतात, ते. मी भाकरी थापायची आणि त्या ओट्यापाशी खुर्ची टाकून पुस्तकातलं वाचून मराठीत सांगायच्या. एकदा म्हणाल्या, लांबच्या एका देशात सुना सासऱ्याचं नाव घेत नाहीत, नावासारखा दुसरा शब्दसुद्धा बोलत नाहीत. माझा हातच थांबला. समुद्रापलीकडं पण महादेवाची बायको म्हणणाऱ्या बाया हाईत! मी मॅडमना माझं सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

महिन्याभरानं त्यांनी लेख वाचून दाखवला. त्यात मी होते, नाव न घालता. "स्थलांतरानंतरही स्त्रिया नाव न उच्चारण्याच्या प्रथेतून वडीलधाऱ्यांविषयीचा आदर जपतात." बसस्टँड कुठंच न्हाई.

"आदर?" मी म्हटलं. "मॅडम, मला आदर न्हवता. सासू मला उपाशी ठेवायची. मला भ्या होतं."

"अगं, तू प्रथा मोडलीस तो वेगळा मुद्दा होतो," मॅडम म्हणाल्या. "या लेखात बसत नाही तो."

"मग त्या लांबच्या देशात लेकरू हरवलं तर सून काय करती?"

मॅडमनी पुस्तक उघडलं. मागची पानं चाळली, पुढची चाळली. "ते दिलेलं नाही," म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. एवढं जाड पुस्तक! कुणी कुणाच्या समोर बसायचं न्हाई, कुणाचं नाव घ्यायचं न्हाई, सगळं लिहिलंय, आणि लेकरू दिसेना झाल्यावर त्या बाईनं काय केलं हे एकाला विचारावंसं वाटलं न्हाई? ती गप बसली असेल? का ओरडली असेल आणि लिहिणारा तेव्हा जेवायला गेलता? तव्यावर भाकरी करपली, ती मी तशीच वाढली. मॅडमनी खाल्ली. मग आतनं एक कोरी वही आणून दिली. "तूच लिही. आदर, परंपरा असले शब्द घालू नकोस. कोण कुठं उभं होतं, हात काय करत होते, कोण काय बोललं, तेवढंच. अर्थ मागून लावता येतो." मी सहावीपर्यंत शिकलेली. चार वर्षं गिळून ठेवलं होतं, म्हणून भराभर लिहितेय, चुका असतील तर असू देत.

आता लिहायची घाई का, तेबी सांगते. अक्काच्या थोरल्या लेकीचं लग्न ठरलंय. ह्या वेळी मला बोलावलंय. फक्त सासूच्या फोटोपुढं नारळ ठेवायचा, सगळ्यांसमोर हात जोडायचे आणि म्हणायचं, चूक झाली. हे म्हणतात, "म्हणून टाक की. तोंडानं म्हणायला काय जातंय?" तोंडाचंच तर सगळं चाललंय सहा-सात वर्षं, आणि ह्यांना ते दिसत न्हाई!

मला जायचं हाय हो. खोटं कशाला बोलू? इथल्या खोलीला एकच खिडकी, ती पण शेजाऱ्याच्या भिंतीकडं. गावाकडं मागल्या दारी बसून मी तांदूळ निवडायची, समोर रान दिसायचं, ओलं झालं की वास यायचा. अजून मी घर म्हटलं की डोळ्यापुढं तेच येतं. पण त्या घरात माझ्या लेकीचं नाव माझ्या तोंडात कधी आलं न्हाई. इथं संध्याकाळी दारात उभं राहून मी "पार्वती, ये गं जेवायला" म्हणते, मोठ्यानं म्हणते, आणि ती दुसरीतली पोर दोन खोल्या पलीकडनं "आले" म्हणते. तेवढं झालं की ही खोली माझी वाटती. भ्या गेलंय असं न्हाई. तिला थोडं जरी गरम लागलं तरी मी रात्रभर कपाळावर हात ठेवून बसते, आणि अक्काचंच खरं झालं तर, असं मनात येतंच. आणि सकाळी परत नावानंच उठवते.

लग्नात लेक माझ्या शेजारी बसलेली असेल. तिच्यासमोर मी म्हणू, तुला हाक मारली ती माझी चूक झाली? तिला काय कळेल त्यातनं? हाक मारायची न्हवती, असंच की!

गावातल्या बायांनो, आणि माझ्यासारख्या ट्रंक घेऊन इकडं आलेल्यांनो, तुमच्यातल्या कितीजणी लेकराला अव्वा, अप्पा म्हणून हाक मारताय ते मला ठाऊक हाय. तुम्ही सांगा. आणि अक्का, तूबी सांग, लग्नाची गडबड हाय म्हणून टाळू नको. तुझी लेक दिसेना झाली असती, आणि नाव घेतल्याबिगर कुणी हुडकायला तयार न्हवतं, तर तू काय केलं असतंस?